न वाजलेली दवंडी

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

खाजणपाड्यात दवंडी पिटली, असं तुम्ही लिहून दिलंत. या जमिनीवर कोणाचा हक्क असेल त्यानं पुढं यावं, असं ढोल वाजवून सांगितलं आणि कोणी आलं नाही. म्हणून जमीन सरकारची. घरं सरकारची, विहीर सरकारची, गावदेवीचं देऊळसुद्धा सरकारचं. ढोल कोणी वाजवला? कुठं उभा राहून वाजवला? तुम्ही स्वतः कधी त्या पाड्यात पाय ठेवलात का, की गाडीच्या काचेतूनच चौकशी उरकलीत?

सुगंधा हे रोज मनातल्या मनात म्हणायची. अंगण सारवताना म्हणायची, घोडबंदरच्या नाक्यावर बसची वाट बघताना म्हणायची. तिनं त्या साहेबाला कधी पाहिलं नव्हतं. पण त्याच्याशी ती जितकं बोलली होती तितकं मेलेल्या नवऱ्याशीही बोलली नसेल.

त्या रविवारी ती हेच बोलत होती ते सिल्व्हर पार्कमध्ये, धाकट्या भावाच्या स्वयंपाकघरात, कोलंबी सोलत. घरात सण होता. त्या भावाचं, काशीनाथचं, नाव हायकोर्टाच्या न्यायमूर्तीपदासाठी वर गेलं होतं. अजून हुकूम निघाला नव्हता, पण वर गेलेलं नाव खाली यायचं कारण नाही, असं सगळे म्हणत होते. मिठागरात पाट्या वाहणाऱ्या बापाचा पोरगा न्यायमूर्ती होणार होता. ज्यांनी त्याला शाळेत मागच्या बाकावर बसवलं त्यांनी हे जरूर ऐकावं.

"ताई, टँकर अजून आला नाही. पाणी जपून," अंबिका म्हणाली. अंबिका काशीनाथची बायको, दादरच्या मास्तरांची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा हिला बोंबील कुठल्या बाजूनं चिरायचा हेसुद्धा सुगंधानं शिकवलं होतं.

"पाण्याला मोताद झालेली माणसं तुम्ही, आन् म्हणं फ्लॅट," सुगंधा म्हणाली. "पाड्यात या. विहीर भरलेली हाय. सरकारनं न्हेली न्हाय अजून."

अंबिका हसली. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि कपाटातून एक साडी काढून आणली. मोतिया रंगाची नारायणपेठी, घडी न मोडलेली. "शपथविधीला," ती हळूच म्हणाली. "यांना सांगू नका. म्हणतील, कशात काय नाही आणि आधीच साडी."

सुगंधानं ओले हात मागं घेतले आणि साडी नुसती डोळ्यांनी पाहिली. काशीला काळ्या झग्यात कोर्टात उभं राहिलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. जायचं जायचं म्हणत वर्षं गेली. आता एकदम जज झालेलाच बघू, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

बघायचं राहिलं तरी ऐकलेलं काही कमी नव्हतं. उत्तनच्या एका तांडेलाला, मासेमारी बोटीच्या म्होरक्याला, खालच्या कोर्टानं खुनातून सोडलं, तेव्हा सरकारनं अपील ठोकलं आणि ते हायकोर्टातला सरकारी वकील म्हणून काशीनाथकडं आलं. सरकारी वकील म्हणजे सरकारचा भाडोत्री पहिलवान, असं समजणाऱ्यांना त्या दिवशी घाम फुटला. काशीनाथनं पुरावा वाचला, पुन्हा वाचला आणि भर कोर्टात सांगितलं, हे अपील करायला नको होतं, या माणसाविरुद्ध माझ्याकडं काही नाही. खात्यानं आदळआपट केली. उलट दुसऱ्या एका खटल्यात, सासरी जाळलेल्या पोरीच्या, सगळे म्हणाले सोडून द्या, आरोपी सुटलाय, पुरावा पातळ आहे. तिथं हा माणूस हटला नाही. त्या पोरीच्या आईला शेजारी बसवून कागद अन् कागद वाचला आणि सुटलेल्या नवऱ्याला परत आत घातलं.

त्याची रीत ठरलेली होती. फाईल उघडली की आधी विरुद्ध बाजूचं वाचायचं. समोरच्याचं म्हणणं समोरच्यापेक्षा चांगलं मांडता आलं पाहिजे, मगच आपलं तोंड उघडायचं. ज्युनिअर मंडळींना तो हेच घोकून घ्यायला लावायचा.

तो तांडेल पुढं दरवर्षी बोंबलाची टोपली पाठवायचा आणि काशीनाथ दरवर्षी ती परत करायचा. शेवटी तांडेलानं टोपली खाजणपाड्यात सुगंधाकडं द्यायला सुरुवात केली. ती नाही म्हणायची नाही. ती कुठं सरकारी वकील होती?

बाहेरच्या खोलीत पंढरीनाथचा आवाज चढला. पंढरीनाथ थोरला भाऊ, पाड्याच्या गावकीचा पुढारी. सुगंधानं परात बाजूला सारली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"अपील आलंय, हे तुला ठावं व्हतं का न्हवतं, एवढंच सांग," पंढरीनाथ म्हणत होता.

"माहीत होतं, दादा," काशीनाथ म्हणाला. तो खाली सतरंजीवर बसला होता, बनियनवर, मांडीवर वर्तमानपत्र. "ठाण्याच्या कोर्टात तुम्ही जिंकलात. सरकार अपिलात आलं. फाईल माझ्याच टेबलावर आली होती."

"मंग?"

"आली त्याच दिवशी परत केली. माझी बहीण, माझा भाऊ पक्षकार आहेत. मला ती चालवता येत नाही."

पंढरीनाथनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे फाईल तुझ्या हातात आली. सरकारच्या बाजूनं तू उभा राहणार व्हतास. जरा ढिला बोलला असतास, एखादी तारीख चुकवली असतीस, तर पाडा वाचला असता. आन् तू ती दुसऱ्याला दिलीस. आयशप्पत, असा भाऊ वैऱ्यालाबी न्हको."

"दादाकाका, असं नाही करता येत," कौस्तुभ मधे पडला. कौस्तुभ काशीनाथचा मुलगा, नुकताच बँकेत लागलेला. "पप्पांनी बरोबरच केलं. त्यांचं नाव वर गेलंय. आता या केसच्या जवळपाससुद्धा त्यांनी जायला नको."

"तुझा पप्पा जज व्हतोय, तवर आमी रस्त्यावर येतोय. लई भारी," पंढरीनाथ म्हणाला. "आता कोण हाय आमच्यावर?"

"नीरज. माझ्याच हाताखाली शिकला. चांगला आहे."

"चांगला हाय? म्हंजे आमचं वाटोळं चांगलं करील."

सुगंधाला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं, पण कोणाच्या बाजूनं? तिचं घर जाणार होतं. नवरा गेल्यावर बापानं तिला पाड्यात परत आणून दिलं ते घर. काशीनाथनं स्वतःचा हिस्सा लिहून दिला होता तोही तिच्याच नावावर. आणि तरी काशीनं मुद्दाम ढिलं बोलायचं, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरेना. या पोराला तिनं पाठीवर घेऊन मिठागराच्या बांधावरून शाळेत नेलं होतं, ते काय यासाठी?

काशीनाथ तिच्याकडंच बघत होता. "बाय, इकडं ये. बस. तुला एक विचारतो."

ती सतरंजीच्या कडेला टेकली. बोटांना कोलंबीचा वास होता.

"मी तुझ्यावर एकदा लई ओरडलो होतो. आठवतं?"

"एकदा?"

"सुताजवळ."

"इसरेन कशी? तोंडाला येईल ते बोललास. आख्ख्या पाड्यासमोर."

तिला सगळं लख्ख आठवलं. आषाढातली गावबांधणी. पहाटे पाड्याच्या शिवेवर सूत बांधायचं, की दुसऱ्या पहाटेपर्यंत कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. देवी शिवेवरून फिरते, तिला ऐकायचं असतं. म्हणून काही वाजवायचं नाही. उखळात कुटायचं नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंटांत चिंध्या कोंबायच्या, पोरांच्या हातातले पत्र्याचे डबे काढून घ्यायचे. काशीनाथ आजारी आईला बघायला आदल्या संध्याकाळी आला, दमून झोपला, आणि उठला तोवर सूत बांधून झालं होतं. त्याची त्या दिवशी हायकोर्टात मोठी केस होती. कोर्ट तो कधी चुकवत नसे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा गेला होता, अंबिका अजून ते ऐकवते. सुताजवळ सुगंधा आडवी उभी राहिली. मला ओलांडून जा, म्हणाली. बहिणीला ओलांडणं त्याला जमलं नाही.

"दुसऱ्या दिवशी मी कोर्टात खरं ते सांगितलं," काशीनाथ म्हणाला. "गावबांधणी होती, बाहेर पडता आलं नाही. न्यायमूर्ती हसले. सगळं कोर्ट हसलं. अजून बाररूममध्ये मला बांधणीवाले वकील म्हणतात."

"तुझ्या नशिबात हायच त्ये," पंढरीनाथ पुटपुटला. "त्याचा आत्ता काय संबंध?"

"दवंडी कधी दिली म्हणतात, ते ठाण्याच्या कोर्टात सरकारनं सांगितलेलं आहे. ते गुपित नाही, कोणालाही वाचता येतं." काशीनाथनं वर्तमानपत्राची घडी केली. "त्याच दिवशी, दादा. गावबांधणीच्या दिवशी."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि अंबिकानं पटकन गॅस बंद केल्याचा आवाज आला.

इतकी वर्षं सुगंधा त्या साहेबाला विचारत होती, ढोल कुठं वाजवलास. कधी वाजवलास, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. कोर्टात इंग्रजी तारीख बोलली जायची, आणि तारखेला देवी नसते, तिथीला असते. बायकांना कोणी पिंजऱ्यात बोलावलंच नव्हतं. बाप्ये गेले, दवंडी ऐकली नाही म्हणाले, परत आले. पण बाप्यांनी तरी?

तिनं पंढरीनाथकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"दादूस," ती म्हणाली, "तुला ठावं व्हतं."

"गावकीला ठावं व्हतं," पंढरीनाथ खिडकीकडंच बघत म्हणाला. "देवळात बसून ठरलं. कोर्टात देवीचं नाव काढायचं न्हाय. वकील विचारणार, देवी कोणी बघितली, कुठनं चालते, पुरावा काय. लोक दात काढणार. दवंडी झाली न्हाय एवढं बास हाय, देवीला पिंजऱ्यात उभी करायची न्हाय. मीच म्हटलं तसं. सगळे हो म्हणाले."

"आणि आता ठाण्याचा निकाल एवढ्यावरच लटकतोय," काशीनाथ म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. "पाडा म्हणतो ऐकली नाही, सरकार म्हणतं दिली. नीरज तो निकाल पाडेल. मी असतो तरी पाडला असता."

"मंग आता सांगू," सुगंधा म्हणाली. "मी सांगते. मी जाते कोर्टात."

"सांग. मी सरकार, तू साक्षीदार." काशीनाथ ताठ बसला. बनियनवरचा तिचा भाऊ बघता बघता नाहीसा झाला आणि तिथं कोणी दुसराच माणूस बसला. "बाई, आषाढात पाऊस असतो?"

"आषाढात काय ऊन असतं?"

"कौलांवर पाऊस वाजतो. मग ढोल तुम्हांला ऐकू आला नसेल."

"मला ऐकायची गरजच न्हाय. त्या दिवशी कोणी ढोल वाजवला असता तर पाड्यातला एकेक माणूस काठी घेऊन धावला असता. सायबाची दवंडी तिथंच झाली असती."

कौस्तुभ फिसकन हसला. काशीनाथ हसला नाही.

"हे ठाण्याच्या कोर्टात कोणी सांगितलं?"

"न्हाय सांगितलं."

"का?"

"लाज वाटली."

"की तेव्हा ही देवी तुम्हांला सुचली नव्हती? घर जायची वेळ आली आणि बाई, तुम्हांला देवी आठवली. हो ना?"

सुगंधा उठली. "काशी, तोंड सांभाळ. तू खरंच त्यांचाच झालास."

"बस, बाय." तो पुन्हा तिचा भाऊ झाला होता. "हे नीरज विचारणार. आणि तुझ्याकडं याला उत्तर नाही. तू खरी आहेस, पण तुझं घर त्यात आहे. पाड्यातल्या प्रत्येकाचं घर त्यात आहे. तुमच्यातल्या कोणाचंही कोर्ट ऐकणार नाही. ऐकेल ते अशा माणसाचं, जो त्या दिवशी सुताच्या आत होता, ज्याचं त्या जमिनीत काही नाही, आणि ज्यानं भांडण सुरू व्हायच्या आधी हे चारचौघांत सांगून हसं करून घेतलंय."

असा माणूस एकच होता, आणि तो बनियनवर सतरंजीवर बसला होता.

"पप्पा, नाही," कौस्तुभ म्हणाला. "प्लीज. सरकारचा वकील सरकारच्या विरुद्ध साक्ष देणार? उद्या पेपरात येईल. वर नाव गेलंय ते तिथंच थांबेल."

"थांबणार नाही, मीच परत घेईन. आणि त्याआधी सरकारी वकिली सोडेन. अंगावर त्यांचा झगा घालून त्यांच्याविरुद्ध साक्ष देता येत नाही."

"पण का? तुम्ही फाईल परत केली, तुमचे हात स्वच्छ आहेत. गप्प बसलात तर कोणी तुम्हांला बोट लावू शकत नाही."

"कौस्तुभ, आयुष्यभर मी साक्षीदारांना काय सांगत आलो? जे पाहिलं ते येऊन सांगा. घाबरणाऱ्या बायकांना सांगितलं, नोकरी जाईल म्हणणाऱ्यांना सांगितलं. त्या जळालेल्या पोरीची शेजारीण तीन मुलं घेऊन आली होती कोर्टात, माझ्या शब्दावर. आता मी पाहिलंय, आणि मी म्हणू, माझे हात स्वच्छ आहेत?"

सुगंधाच्या डोळ्यांपुढं कपाटातली साडी आली. तिला एकदम भीती वाटली. घर जाण्याची कधी वाटली नव्हती अशी.

"ऱ्हाऊं दे," ती म्हणाली. "ऐक माझं. घर गेलं तर जाऊं दे. मी हितं येऊन ऱ्हाईन, टँकरच्या पाण्यात. बापानं मिठात पाय कुजवले तुला शिकवायला. तू जज झालेला मला बघायचा हाय. दादूस, सांग ह्याला."

पंढरीनाथनं मान खाली घातली होती. मघाशी वैऱ्यालाही नको म्हणणारा माणूस आता पुटपुटला, "बाय बोलते ते बरोबर हाय. चूक आमची. गावकीची. तिचा दंड तू न्हको भरू, काशी."

सगळं घर एका बाजूला झालं होतं आणि काशीनाथ दुसऱ्या. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. अंबिका तिथं उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. सुगंधाला वाटलं, आता ही बोलेल. ही त्याला वळवील. हिचा हक्कच आहे.

"मी एक साडी घेऊन ठेवलीय," अंबिका नवऱ्याला म्हणाली. "तुम्हांला सांगितलं नव्हतं. तुम्ही पहिल्यांदा त्या उंच खुर्चीवर बसाल त्या दिवशी नेसायची म्हणून."

"अंबिका..."

"साक्षीच्या दिवशी नेसेन." ती पदराला हात पुसत म्हणाली. "चला, पानं वाढते. कोलंबी अर्धीच सोललीय, ताई. लोकांनी काय खायचं?"

न्यायमूर्ती म्हणवून घेणारे पुष्कळ झाले. त्या घरात त्या दुपारी जो न्याय झाला, त्याला ना झगा होता ना खुर्ची. जेवताना कौस्तुभ ताटावरून न उठता बापाच्या पानात सारखी कोलंबी वाढत राहिला, एवढंच सुगंधानं पाहिलं.

अपिलात नवा साक्षीदार उभा राहणं क्वचित घडतं. नीरजनं विरोध केला, जोरात केला. पण न्यायमूर्तींनी कागद चाळले, समोर बसलेल्या काशीनाथकडं चष्म्यावरून पाहिलं आणि परवानगी दिली.

साक्षीच्या दिवशी सुगंधा मागच्या बाकावर बसली होती, एका बाजूला पंढरीनाथ, दुसऱ्या बाजूला मोतिया साडीतली अंबिका. एवढं उंच छत तिनं देवळातसुद्धा पाहिलं नव्हतं. सगळीकडं काळे झगे. काशीला झग्यात बघायचं तिचं राहून गेलं ते गेलंच. तो पिंजऱ्यात साध्या पांढऱ्या सदऱ्यात उभा राहिला, उघड्या डोक्याचा, एखाद्या खटल्यातल्या कुठल्याही गरिबासारखा. आणि आजूबाजूच्या वकिलांनी तो आत येताना काय केलं ते सुगंधानं पाहिलं. ते उठून उभे राहिले. जजसाठी उठतात तसे, पण जज अजून यायचे होते.

"साक्ष मराठीत देईन," काशीनाथ म्हणाला. आयुष्यभर त्या खोलीत तो इंग्रजी बोलला होता. सुगंधाला कळलं हे कोणासाठी ते.

त्यानं सरळ सांगितलं. आई आजारी होती, आदल्या संध्याकाळी गेलो, पहाटे सूत बांधलं, बहिणीनं अडवलं. गावबांधणी म्हणजे काय, घंटांत चिंध्या का कोंबतात, तेही सांगितलं. देवीचं नाव घेतलं तेव्हा पंढरीनाथनं डोळे मिटले. कोणी हसलं नाही.

मग नीरज उठला. पोरगा बारीक होता, पण आवाज खणखणीत. गुरूकडं त्यानं एकदाच पाहिलं आणि सुरू झाला. सुगंधाला त्याचा गळा धरावासा वाटला.

"पक्षकार तुमची बहीण आहे?"

"सख्खी. तिनं मला वाढवलं."

"ते घर जाऊ नये असं तुम्हांला वाटतं?"

"फार वाटतं."

"म्हणून तुम्ही पदाचा राजीनामा देऊन इथं आलात?"

"घरासाठी यायचं असतं तर फाईल परत केली नसती. माझ्याच हातात होती. तुम्ही जितकी चालवताय तितकी चांगली मी चालवली नसती, एवढं पुरलं असतं."

नीरज थांबला नाही. पाऊस विचारला, झोप विचारली, पाड्याची दुसरी वाट विचारली. काशीनाथ उत्तरं देत होता, आणि मधूनच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात असं काही येत होतं की सुगंधा चक्रावली. पोरगं त्याला सोलून काढत होतं आणि हा खूश होता. मिठागरात बाप पहिल्यांदा पाटी डोक्यावर तोललेल्या पोराकडं बघायचा, तसा.

"पाडा मोठा आहे," नीरज म्हणाला. "तुम्ही घरात असाल. दवंडीवाला शिवेवरून आला, दोन मिनिटं ढोल वाजवून गेला. तुम्हांला ते दिसलंच असतं असं तुम्ही छातीठोक सांगू शकता?"

"हो."

"कसं?"

"कारण मी घरात नव्हतो. बहिणीवर इतका चिडलो होतो की दिवसभर वाटेवर, सुताजवळ, छत्री घेऊन बसून होतो. आत येणारी गाडीवाट ती एकच. दुसऱ्या बाजूला खाडी." काशीनाथनं घसा साफ केला. "आणि नीरज, त्या दिवशी कोणीही सरकारी माणूस गाडी घेऊन तिथं आला असता, तर त्याच्याच गाडीत बसून मी कोर्टात पळालो असतो. बहिणीला ओलांडून. मी वाटच बघत होतो."

पहिल्यांदा न्यायमूर्ती हसले, मग कोर्ट. पण हे हसणं वेगळं होतं. पंढरीनाथनं डोळे उघडले आणि सुगंधाचा हात धरला.

नीरज हसला नाही. तो हातातल्या कागदाकडं बघत उभा राहिला. सुगंधाला वाटलं, आता हा पुढचा वार करील. त्यानं कागद मेजावर ठेवला. पिंजऱ्यातल्या गुरूकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर घोकून घेतलेला तो जुना धडा, आधी विरुद्ध बाजूचं ऐकायचा, येऊन उभा राहिलेला तिला दिसला.

"मिलॉर्ड, मला माझ्या पक्षकाराला एक विचारायचं आहे," तो म्हणाला.

"विचारा."

नीरज मागं वळला. त्याच्यामागं खात्याचा साहेब बसला होता, इस्त्रीचा सफारी, मांडीवर ब्रीफकेस. सुगंधानं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं बोलत होती तो हा. साधाच होता. कपाळावर घाम होता.

"साहेब, दवंडी कोणी दिली?" नीरजनं विचारलं.

"रेकॉर्डला आहे ना," साहेब खालच्या आवाजात म्हणाला. "कागदावर आहे सगळं."

"कागद मला वाचता येतो." नीरजचा आवाज मागच्या बाकापर्यंत स्वच्छ आला. न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं होतं. पिंजऱ्यात काशीनाथ उभा होता, साध्या सदऱ्यात, वाट बघत. "त्या दिवशी ढोल गळ्यात अडकवून खाजणपाड्यात कोण गेलं होतं? मला माणूस सांगा, साहेब. नाव सांगा."